अमावास्येला दुपारी सुकलेलं पाणी

मुरब्याच्या मंजुळेशी माझी ओळख भांडणातूनच झाली. बोयसरला आमच्या चाळीच्या पायरीवर पाटी उतरवून ती बसायची, आणि मी समुद्राकाठच्या केळव्याची असल्यामुळे सुक्या मासळीतलं मला कळतं असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "हे बोंबील ओलसर आहेत." तिने एक बोंबील उचलला, माझ्या कानापाशी आणला आणि मोडला. कट्‌कन वाजला. "आयकलं? आता बोल." कपाळ माझं! पिशवी पुढे केली. मी तापट बाई आहे, शाळेतली पोरं मला मागून 'फटाकडी' म्हणतात हेही मला ठाऊक आहे. पण मंजुळेपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. हातात घड्याळ नव्हतं आणि ते असावं असं तिला कधी वाटलंही नाही. तिथी सांगितली की पाणी किती वाजता भरेल, कधी सुकेल, बोटी केव्हा लागतील, हे ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत सांगायची आणि चुकायची नाही. मी त्याच वेळी वर्गात फळ्यावर चंद्र-सूर्य काढून भरती-ओहोटी शिकवत होते. मला पगार मिळायचा, तिला नाही, एवढाच काय तो फरक.

तिची आई कमळी. तिच्याबद्दल मंजुळा एकदम कधी बोलली नाही, नऊ वर्षांत तुकड्या-तुकड्याने बोलली. बेचाळीस साली, लढाई चालू असताना, एक सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, किनाऱ्याकिनाऱ्याने माणसं गोळा करत मुरब्याला आला. सरकारच्या लहान बोटींवर खलाशी हवे होते. मंजुळेचा बाप महादू त्याच्याबरोबर गेला. मंजुळा तेव्हा रांगत होती. महादू चौथी शिकलेला, म्हणजे त्या कोळीवाड्यात विद्वानच. त्याची तीन पत्रं आली. गावच्या मास्तरांनी ती वाचून दाखवली. मी सुखी आहे, तुम्ही सुखी असा, पोरीला सांभाळा. कुठे आहे त्या जागी मात्र काळी शाई फासलेली.

लढाईत सरकार पत्रं उघडून गावांची नावं खोडत होतं, हे आज तुम्हांआम्हांला माहीत. मुरब्यात तेव्हा कोणाला माहीत असणार? लोक म्हणाले, ठिकाण त्यानेच खोडलं. ज्याला सापडायचं नसतं तो असंच करतो. मग पत्रं थांबली. लढाई संपली, आजूबाजूच्या गावची माणसं परत आली, हा आला नाही. मेल्याचा कागदही आला नाही. पुढे काही वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाने, कमलाकांतने, चारचौघांत सांगून टाकलं, "माझा भाव जिता हाय. त्यानं दुसरं घर केलं. बायको टाकली त्यानं."

सख्ख्या दिराने म्हटल्यावर गावाने का म्हणू नये? कमळी मरेपर्यंत 'टाकलेली' म्हणून जगली. कपाळाला कुंकू होतं, पण लग्नात ओटी भरायला तिला कोणी पुढे बोलवत नसे. विधवा म्हणावी तर नवरा मेलेला नाही, सवाष्ण म्हणावी तर नवरा कुठे आहे? पितरांच्या पंधरवड्यात घरोघर पान वाढून ठेवतात, त्यात महादूचं पान कधी पडलं नाही. जिवंत माणसाचं पान कसं ठेवणार? चौऱ्याहत्तर साली ती गेली. जाताना मंजुळेचा हात धरून तिने एवढंच विचारलं होतं, "तुझ्या बापानं मला टाकली काय गं?"

"आणि तू काय सांगितलंस?" मी विचारलं होतं.

"काय सांगू? मला ठावं असतं तर सांगितलं नसतं?" मंजुळा म्हणाली आणि पाटी उचलून गेली. त्या दिवशी ती पैसे घ्यायलाही विसरली.

सत्त्याऐंशी सालच्या श्रावणात ती आली ती पाटीशिवाय. मला वाटलं, घरात काही वाईट झालं. तिने कमरेची पिशवी काढली, पिशवीतून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून मेणकापड आणि त्यातून एक वही. तळहाताएवढी, खारवलेली, कडा कुरतडलेल्या.

"बापाची हाय. वाच," ती म्हणाली.

ही वही एक्केचाळीस वर्षं तिच्या काकाच्या पेटीत होती. तिच्या घरापासून वीस पावलांवर! कशी, ते सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखा संताप होईल. सेहेचाळीस साली मुंबईहून आलेल्या बोटीवरच्या कोणीतरी ती कमलाकांतच्या हातात दिली. "मुरब्याच्या महादूच्या घरी द्या, एवढाच निरोप हाय," म्हणाला आणि गेला. कमलाकांतने वही उघडली. अक्षराला अक्षर जुळवून तो जेमतेम वाचू शके. त्याला दिसल्या तिथी, पाण्याच्या वेळा, आणि खुणा. 'बुरजावर तीन खजुऱ्या आल्या की वीस वाव खोल पाणी. तिथे एक आहे.'

आता समुद्रावर खुणा म्हणजे काय? जमिनीवरच्या दोन गोष्टी, देऊळ आणि डोंगर म्हणा, झाड आणि बुरूज म्हणा, एकावर एक आल्या की बोट नेमक्या जागी आली असं समजायचं. तिथे खाली खडक असतो आणि खडकाला मोठी मासळी. ज्या घराला अशी जागा ठाऊक, ते घर ती जिवापाड लपवतं. बापाकडून मुलाला मिळते, मुलीला कधीच नाही, कारण मुलगी उद्या दुसऱ्या गावी जाणार आणि आपली जागा सासरच्या बोटीला सांगणार. कमलाकांतला वाटलं, भावाने खुणांची वही पाठवली! ती तो महादूच्या पोरीला दाखवणार? वाचायला मास्तरांकडे नेणार? छे! त्याने पेटीला कुलूप घातलं आणि आपल्या शिरगावच्या किल्ल्याचा बुरूज आणि खजुऱ्या धरून जाळी टाकायला सुरुवात केली.

काही लागलं नाही. एक हंगाम, दोन हंगाम, पाच हंगाम. वहीतलं पाणीही त्याला उलटं दिसत होतं. भरतीच्या वेळी ओहोटी लिहिलेली. त्याचा अर्थ त्याने लावला तो असा, की परक्याच्या हाती वही पडली तर त्याला जागा कळू नये म्हणून महादूने मुद्दाम उलट लिहिलं. आपल्या खुणा लपवायला मासेमार असं करतात म्हणे. मग याने सगळं उलटं करून जाळी टाकली. तरी काही नाही. शेवटी त्याच्या मनाने घेतलं, की भावाने सख्ख्या भावालाही फसवलं. जो भावाला फसवतो, तो बायकोला टाकणार नाही कशावरून? म्हणून तो चारचौघांत तसं बोलला, आणि दर पावसाळ्यात पुन्हापुन्हा बोलत राहिला.

आता त्याची मुलं एमआयडीसीत कारखान्यात होती. बोट विकून झाली होती. म्हातारा खाटेवर, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याची सून हंसा पेटी झाडत होती, तिला वही सापडली. तिने विचारलं तर म्हातारा म्हणाला, "फेकून दे. खोटारड्याची वही हाय ती." हंसाने फेकली नाही, मंजुळेच्या हातात आणून दिली. देव तिचं भलं करो.

मी वाचायला घेतलं. पेन्सिलचं अक्षर, मोठं, शाळकरी. आणि वाचता वाचता माझं तोंड उतरत गेलं, कारण खरंच त्यात तिथी, पाणी आणि खुणांशिवाय काही नव्हतं. मंजुळा तोंडाला पदर लावून ऐकत होती. तिला मी काय सांगू? मी सपाट आवाजात पुढे वाचत गेले. "सप्तमी. वारा मोठा. अष्टमी. काम नाही. अमावास्या. दुपारी पाणी सुकलं."

"थांब. परत वाच."

"अमावास्या. दुपारी पाणी सुकलं."

"दुपारी?"

"हो, असंच आहे. चुकून लिहिलं असेल, नाहीतर तुझा काका म्हणतो तसं उलटं."

तशी ती भडकली. माझ्याच घरात, माझ्यावर! "चुकून? बाय, तू चुकून सांजचा शाळा भरवशील काय? अमावास्येला दुपारी समिंदर आमच्या उंबऱ्याशी असतो. माझा बा खलाशी व्हता. माणसाला फसवील, पण पाणी खोटं लिवणार नाय." आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मास्तरीण बाय, हे आपलं पाणीच नाय."

खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. दर किनाऱ्याला भरतीची वेळ वेगळी असते, हे वाक्य मी वीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेत होते. पुस्तकात ते होतं, परीक्षेत त्याला दोन गुण होते. आणि ते माझ्या डोक्यात आलं नाही. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिने एका ओळीवरून आपला बाप दुसऱ्या समुद्रावर होता हे ओळखलं. कमलाकांतलाही ओळखता आलं असतं, पण त्याला त्या वहीत मासळीच दिसत होती.

मग मी चष्मा पुसला आणि वही खिडकीपाशी नेली. उजेडात दिसलं, की प्रत्येक नोंदीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ आहे. जाड ओळीखाली अगदी बारीक. डाग म्हणून मी ती सोडून देत होते. मी वाचू लागले.

'तिकडे या वेळी भरती. बोटी बाहेर पडल्या असतील.'

'तिकडे आज भांगाचं पाणी, भरती लहान, मासळी कमी. कमळी वाळत घातलेलं उलटवत असेल.'

'आज पाण्यात पेरलेला सुरुंग वर आला. साहेबाने गोळी घालून फोडला. पाणी देवळाएवढं उडालं. आमच्या कामाचं घरी लिहू देत नाहीत, म्हणून इथे लिहितो.'

'हा इराणचा मुलूख. पाणी गोड नाही, माणसं गोड. तिकडे आता ओहोटी, कमळी शिंपल्या काढायला गेली असेल. पोरगी पाठीवर.'

'मंजी चालायला लागली असेल. पाण्याकडे जाऊ देऊ नये.'

मंजुळा सेहेचाळीस वर्षांची बाई. तिने त्या ओळीला चक्क मान हलवली, 'नाय जाणार' म्हणावं तशी.  तो माणूस रोज तिथलं पाणी लिहीत होता आणि रोज बोटांवर मोजून इथलं पाणी काढत होता, का, तर या घटकेला आपली बायको काय करत असेल हे कळावं म्हणून. दीड वर्ष. एकही दिवस खाडा नाही. मी लग्न करून संसार केलेली बाई, माझ्या नवऱ्याला मी शेजारच्या खोलीत काय करते याचा पत्ता नसतो.

आणि खुणा? त्या खुणा सुरुंगांच्या होत्या. बुरूज आणि खजुऱ्या तिकडच्याच. 'तिथे एक आहे' म्हणजे तिथे मरण आहे, तिथून बोट नेऊ नका. दुसऱ्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून त्याने ज्या जागा टिपल्या, त्या जागांवर त्याचा भाऊ आपल्या समुद्रात जाळी टाकत बसला होता.

शेवटची ओळ श्रावणातली होती. 'पुनव. आज मुरब्याला नारळ सोडला असेल. उद्या पहाटे मोठी बोट बंदरात घ्यायची आहे. साहेब विचारतो, पुढे राहून वाट कोण दाखवील. सगळे गप्प. मी हो म्हटलं. मला खुणा पाठ आहेत.'

त्यापुढे कोरी पानं. मी वही मिटली. मंजुळा म्हणाली, "पुढं?" मी म्हटलं, "पुढे काही नाही." ती म्हणाली, "सगळी पानं उलट." मी तिच्या समाधानासाठी उलटत गेले. कोरं, कोरं, कोरं. आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दुसऱ्याच हाताची अक्षरं होती.

'वद्य प्रतिपदा. सकाळी पुढची बोट फुटली. महादू आणि सारंग पाण्यात गेले. देह मिळाले नाहीत. मागची मोठी बोट वाचली. तीवर आम्ही चाळीस जण. वही माझ्याकडे होती. घरी पोचवीन. रामू, केळवे.'

माझ्याच गावचा रामू! नंतर मी आईला विचारलं, तर तिला आठवलं. तो लढाईहून आजारीच परतला आणि मुंबईच्या दवाखान्यातच वारला. केळव्याला पोचलाच नाही. जाण्यापूर्वी वही कोणाच्या तरी हाती दिली असणार. माणसं पुरवायचा तो सारंगच बुडाला, तेव्हा यादी कोण देणार आणि कागद कोणाला येणार?

मंजुळेने वही माझ्या हातातून घेऊन छातीशी धरली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या आयेला त्यानं टाकली नाय." आणि रडली. मोठ्याने, गळा काढून. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या तरी थांबली नाही. मी तिला धरून बसले आणि माझा राग मात्र फणफणत होता. मी म्हटलं, "तुझ्या काकाला आता चौकात उभा करायला पाहिजे! एकदा, नुसतं एकदा ती वही कोणाला दाखवली असती, तर तुझी आई..."

"काकाला शिव्या नको घालू, बाय," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यानं वही चुलीत घातली नाय. एवढा राग व्हता, तरी जपली. आता तू माझ्याबरूबर चल. त्याला वाचून दाखव. मी सांगितलं तर तो म्हणंल, अडाणी हाय, तिला काय कळतं."

गेलो. म्हातारा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी वाचायला सुरुवात केली, तसा ओरडला, "ती खोटी वही माझ्यापुढं नको!" मी काही बोलणार इतक्यात मंजुळा पुढे झाली. तिने रडारड केली नाही, भांडली नाही. एकच विचारलं, "काका, अमावास्येला दुपारी जिथं पाणी सुकतं, तो किनारा कोणता?"

 म्हाताऱ्याने हळूहळू तोंड आमच्याकडे वळवलं. त्याच्या हाताचा अंगठा पेरांवर फिरू लागला, अगदी मंजुळेसारखाच. "तिथं भरतं कधी?" त्याने विचारलं.

"सांजचा."

"म्हणजे आपलं नाय," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "आपलं नाय ते." आणि उठून बसायची धडपड करू लागला. हंसाने त्याला धरलं. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळं वाचलं. बारीक ओळीसुद्धा. तो मध्ये एकदाच बोलला, सुरुंगांपाशी. "आणि मी तिथं मासळी शोधीत बसलो," म्हणाला, हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा असा काही झाला, की मी त्याच्यासाठी जपून आणलेली सगळी कडक भाषा गिळून टाकली. संपल्यावर त्याने कोणाकडे न बघता विचारलं, "वहिनीला कोण सांगणार आता?"

भाद्रपदातल्या वद्य प्रतिपदेला, बापाच्या तिथीला, मंजुळेने पान वाढलं. एक नव्हे, दोन. एक बापाचं, एक आईचं. आईचं पान ती तिच्या तिथीला दरवर्षी ठेवायची, पण या वर्षी तिला दोघांना शेजारी शेजारी जेवायला घालायचं होतं. शास्त्रात बसतं की नाही, मी विचारलं नाही. समुद्रात गेलेल्याचं पान पाण्यातच सोडायचं, म्हणून आम्ही किनाऱ्यावर आलो. कमलाकांतच्या मुलांनी रजा काढली होती. त्यांनी म्हाताऱ्याला लोखंडी खुर्चीत बसवून वाळूत आणलं. पानं तोच सोडणार, असा त्याचा हट्ट होता. वाड्यातली माणसं जमली होती. त्यांच्यासमोर त्याने हात जोडले. "वहिनी," तो म्हणाला, "मी बोललो ते खोटं व्हतं. माझा भाव तुला टाकून गेला नव्हता." इतकी वर्षं जे चारचौघांत बोलला, ते त्याने चारचौघांतच परत घेतलं. जमलेल्या बायका पदरात तोंड घालून रडत होत्या. त्यांतल्या कितीजणींनी कमळीला ओटीला बोलवलं नव्हतं, ते त्यांनाच माहीत.

तो पानं घेऊन वाकणार तोच मंजुळेने त्याचा हात धरला. "काका, अजून पाणी भरतंय. आता सोडलं तर माघारी आपल्याच पायाशी येईल. सुकायला लागू दे."

प्रतिपदेचं पाणी. ओहोटीला अजून दीड-दोन तास होते. लोक हळूहळू घरी गेले. आम्ही वाळूतच बसलो. म्हातारा पानं मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत होता. मग आपोआप बोलायला लागला. महादू पोहायला कोणाकडून शिकला. कमळीला बघायला गेला तेव्हा लाजून दारातून परत कसा आला. मंजुळा झाली त्या दिवशी मुलगी झाली म्हणून बाकी सगळे गप्प होते, आणि महादूनेच गावभर गूळ कसा वाटला. वर्षानुवर्षं त्या घरात महादूचं नाव शिवीसारखं घेतलं जात होतं. बाप कसा दिसायचा हेसुद्धा मंजुळेला कोणी सांगितलं नव्हतं. ती खुर्चीच्या पायाशी बसून, तोंड वर करून ऐकत होती.

पाणी थांबलं. मग ओली वाळू दिसायला लागली, बोटभर, वीतभर, हातभर. मला कळलं, म्हणजे तिला कधीच कळलं असणार. तरी ती काही बोलेना. शेवटी मीच म्हटलं, "मंजुळे, ओहोटी लागली गं."

"लागू दे," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काका, मंग? गूळ वाटला, आणि मंग?"